ट्रॅक्शन कंट्रोलच्या गाडीचे ब्रेक ब्लीड करताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल आहे म्हटलं की काही मेस्त्री ब्रेक ब्लीड करायला, म्हणजे त्यातली हवा काढायला, हातच लावत नाहीत. स्कॅनर जोडल्याशिवाय हवा निघायची नाही, कंपनीच्या वर्कशॉपला न्या, असं सांगून मोकळे होतात. काहींना मात्र जुनी फियाट आणि आजची गाडी यांत काही फरकच वाटत नाही. ब्रेकच्या बाबतीत या दोन्ही समजुती महागात पडू शकतात, म्हणून आतली रचना नीट समजून घ्यायला हवी.

भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. त्यासाठी मास्टर सिलिंडर आणि चाकं यांच्या मध्ये एक धातूचा ठोकळा बसवलेला असतो. त्यात बहुधा आठ व्हॉल्व्ह आणि एक छोटा पंप असतो. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (वळणावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आले की आणखी चार व्हॉल्व्ह वाढतात. एखादं चाक चिखलात घसरून मोकळं फिरू लागलं, की तुमचा पाय पेडलवर नसतानाही हा पंप ब्रेक ऑइल ओढतो आणि त्या चाकाला ब्रेक लावतो. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत हायड्रॉलिकचे पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या माणसांना हे चटकन उमगेल.

आता स्कॅनरची गोष्ट. चावी बंद असताना मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सरळ वाट उघडी असते. पंपाकडे जाणारे व्हॉल्व्ह मिटलेले असतात. त्यामुळे नुसतं ऑइल बदलायचं असेल, कॅलिपर किंवा होज बदलला असेल, तर बहुतेक गाड्यांत नेहमीच्या पद्धतीने हवा निघते: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल सैल करायचा आणि पेडल सोडण्याआधी आवळायचा. ठोकळ्याच्या आतल्या बंद भागात थोडं जुनं ऑइल राहतं, एवढंच. पण काम करताना ब्रेक ऑइलचा वरचा डबा एकदा जरी रिकामा झाला, ठोकळाच बदलला किंवा त्याचे पाइप सोडले, तर हवा आत अडकू शकते. ती पेडल कितीही मारलं तरी निघत नाही. तिथे स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवावेच लागतात. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत ब्रेकला विजेची जोड असते, त्यामुळे त्यांपैकी अनेकींना साध्या कामालाही स्कॅनर लागतो. डबा रिकामा होऊ नये म्हणून ब्लीडिंग चालू असताना एका माणसाची नजर सतत त्यावर हवी. माझ्या मते सगळ्या कामात हेच सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि घाईच्या गॅरेजात नेमकं हेच राहून जातं.

इंजिन चालू ठेवलं की पेडल हलकं लागतं आणि काम लवकर उरकतं, असंही सांगितलं जातं. ट्रॅक्शन कंट्रोलच्या गाडीत असं करू नये. जॅकवर उचललेली चाकं गिअरमध्ये फिरली, तर चाक घसरतंय असं समजून यंत्रणा स्वतःहून ब्रेक लावायला जाते. गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलेलं नसेल, तर चावी बंदच असावी. चाकांचा क्रमही पुस्तकातूनच घ्यावा. ‘सर्वांत लांबचं चाक आधी’ हा नियम सगळीकडे लागू नाही. कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या लाइन तिरप्या जोडलेल्या असतात.

खडेबाजारात राहणाऱ्यांचा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: गाडी बाजार ते टिळकवाडी एवढीच फिरते, ऑइल कशाला खराब होईल? ऑइल खराब होतं ते किलोमीटरने नव्हे, हवेतल्या ओलाव्याने. ते रबरी होजमधून आणि डब्याच्या झाकणातून पाणी शोषत राहतं, आणि बेळगावच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नसतो. कोरडं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत.

बाजाराच्या गर्दीत ब्रेक तापतच नाहीत, म्हणून दोष लपून राहतो. मग हीच गाडी सुट्टीत भरलेल्या सामानासह चोर्ला घाटातून गोव्याकडे किंवा आंबोलीतून सावंतवाडीकडे उतरते. निपाणीकरांना तवंदी घाट तर रोजचाच. सतत ब्रेक दाबल्याने ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल सरळ खाली जातं. गाडी थांबून ब्रेक थंड झाले की पेडल पुन्हा घट्ट लागतं, आणि गॅरेजमध्ये ‘काही दोष नाही’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी ऑइल बदलूनच घ्यावं. एरवीही बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी बदलायला सांगतात.

डब्यातली पातळी उतरली की वरून ओतलं, हा उपायही खरा नव्हे. पॅड झिजले की पातळी उतरतेच. आधी पॅड पाहावेत, मग गळती. इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नये, त्याने रबरी सील फुगतात आणि ठोकळ्यासकट सगळा खर्च अंगावर येतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते एबीएसच्या गाडीला चालत नाही, डॉट ५.१ वेगळं.

निपलमधून काढलेलं ऑइल पुन्हा डब्यात टाकू देऊ नका. घाटात जाण्याआधी ब्रेकचं काम करून घेणार असाल, तर नव्या बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. गेल्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली बाटली स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.