जाळ्याच्या आत (लेखांक ७) : मर्यादा नऊची, मिळतात चार

मागच्या आठवड्यात टोकन बकेट पाहिली. ठरावीक वेगाने टोकन जमा होतात. टोकन असेल तर पॅकेट सुटतं, नसेल तर रांगेत थांबतं. घरच्या शंभर मेगाबिटच्या लाइनवर हे सुरळीत चालतं. १० गिगाबिटला मात्र तक्रार येते: एचटीबीमध्ये (टोकन बकेटांच्या झाडावर चालणारी लिनक्सची रांगव्यवस्था) नऊ गिगाबिटची मर्यादा घातली, हाती पडतात चार.

पुण्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. जीएमआरटीच्या तीसही अँटेनांचा सिग्नल ऑप्टिकल फायबरवरून खोडदच्या मध्यवर्ती इमारतीत येतो, आणि त्यातून तयार होणाऱ्या निरीक्षणांच्या फाइली भल्यामोठ्या असतात. गणेशखिंडीतलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, शेजारची आयुका, पाषाणची आयसर, महासंगणकवाली सी-डॅक: मोठा डेटा हलवणाऱ्या संस्थांची इथे वाण नाही. अशा ठिकाणी एकाने फाइल ओढायला घेतली की दुसऱ्याचा व्हिडिओ कॉल अडखळतो. म्हणून दारातल्या लिनक्स यंत्रावर शेपिंग, म्हणजे वेगाला मर्यादा, लावतात.

वेग कमी पडला की खापर लाइनवर फुटतं. आधी शेपिंग काढून आयपर्फ या वेगमापकाने मोजा. नऊच्या वर आकडा आला, तर लाइन निर्दोष. चोर घरातच आहे.

बहुतेक वेळा तो प्रोसेसरमध्ये सापडतो. १० गिगाबिटवर १५०० बाइटची पॅकेट सेकंदाला सुमारे ८ लाख १२ हजार जातात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम १.२ मायक्रोसेकंद. कार्डाला अनेक रांगा असतात, प्रोसेसरला बत्तीस कोअर असतात, पण एचटीबीचं झाड एक आणि त्याचं कुलूपही एक. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर सगळ्या लेन उघडून पावती फाडायला एकच माणूस बसवावा, तसा प्रकार. एमपीस्टॅटमध्ये कोअरनिहाय आकडे पाहा. एखादा कोअर सॉफ्टआयआरक्यूमध्ये (कर्नलचं पॅकेट हाताळण्याचं काम) १०० टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत, असं चित्र हमखास दिसतं. बत्तीस कोअरच्या सरासरीत तो एक कोअर जेमतेम तीन टक्के भरतो, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही. काही यंत्रांवर उलट सगळेच कोअर कुलपासाठी ताटकळतात. तेव्हा पर्फ टॉपमध्ये स्पिन लॉकचं, म्हणजे कुलपाचंच, नाव सगळ्यात वर झळकतं.

इथे जुन्या सल्ल्यांनी बरंच नुकसान केलंय. ‘शेपिंग करायचं तर टीएसओ, जीएसओ बंद करा’ हा सल्ला दोन मेगाबिटच्या काळातला. हे दोन्ही पॅकेटांचे गठ्ठे बांधतात; ते चालू असले की एचटीबीपुढे ६४ किलोबाइटपर्यंतचे गठ्ठे येतात आणि कुलूप कमी वेळा उघडावं लागतं. ते चालूच ठेवा. कार्डाच्या प्रत्येक रांगेला स्वतंत्र शेपर देता येतो. मात्र मग एकूण मर्यादा रांगांमध्ये वाटावी लागते, आणि एकाच मोठ्या फाइलच्या नशिबी तिच्या रांगेपुरताच वाटा येतो.

दुसरा संशयित बर्स्ट, म्हणजे एका दमात सोडायच्या बाइटांची मुभा. तो आपण दिला नाही तर टीसी (शेपिंग लावायची लिनक्सची आज्ञा) स्वतः हिशेब करतं, आणि मोठ्या दराला तो फार लहान येतो. कधी चक्क ‘शून्य बाइट’ छापलेलं दिसतं. १० गिगाबिटच्या एका मिलिसेकंदात १.२५ मेगाबाइट जातात. तिथून सुरुवात करून बर्स्ट आणि सीबर्स्ट (कमाल दराचा बर्स्ट) दोन्ही हाताने लिहा. लॉगमध्ये ‘क्वांटम मोठा आहे’ अशी कुरकुर दिसली तर घाबरू नका; तिचा संबंध वर्गांमधल्या वाटणीशी आहे, एकूण वेगाशी नाही.

४० किंवा १०० गिगाबिटवाल्यांसाठी आणखी एक खोच. जुन्या टीसीमध्ये दर बाइट प्रति सेकंद असा ३२ बिटांत साठवला जाई, त्यामुळे ३४ गिगाबिटच्या पुढचा आकडा त्यात मावतच नसे. कर्नल आणि टीसीचा आयप्रूट संच दोन्ही नवे हवेत.

एवढं करूनही एकच कनेक्शन रखडत असेल, तर टीसीपीची खिडकी बघा. समजा, समोरच्या टोकाशी ये-जा ४० मिलिसेकंदांची आहे. मग १० गिगाबिट भरायला ५० मेगाबाइट वाटेत हवेत. लिनक्स पाठवणाऱ्याला डीफॉल्ट कमाल बफर देतं ४ मेगाबाइट. त्यात एक गिगाबिटही गाठला जात नाही, आणि बिचाऱ्या शेपरला शिव्या बसतात.

माझं मत विचाराल तर, मोठा डेटा पाठवणारी यंत्रं आपल्याच ताब्यात असतील तर दारात शेपिंग करण्यापेक्षा त्या यंत्रांवरच एफक्यूचं पेसिंग (पॅकेटं ठरावीक अंतराने सोडणं) लावावं. पुढच्या लेखांकात तेच पाहू. तोवर एमपीस्टॅट चालवा, आणि एखादा कोअर १०० वर दिसला तर नव्या लाइनचा प्रस्ताव तूर्त खरेदी विभागाकडे पाठवू नका.