एका बोटानेही हिशेब लिहिता येतो

आपल्या गटाची वही आता हळूहळू संगणकावर जाते आहे. बचत, कर्ज, व्याज, थकबाकी, सगळे टाईप करावे लागते. त्यामुळे गटात हिशेबनीस निवडताना एक नवीन वाक्य ऐकू येते. "तिचं डोकं चांगलं चालतं गं, पण तिचा हात असा, ती कीबोर्ड कशी चालवणार?" या एका वाक्यावर बाईचे काम जाते आणि महिन्याचे मानधनही जाते. म्हणून आज या "कशी चालवणार" बद्दल बोलू या.

कीबोर्ड बनवताना माणसाला दोन हात, दहा बोटे आणि चांगले डोळे आहेत असे धरलेले असते. पण एखादीला पोलिओमुळे एकच हात चालवता येतो. एखादीची बोटे उसाच्या चरकात किंवा कडबा कापणीच्या यंत्रात गेलेली असतात. पक्षाघातानंतर एखादीचा हात थरथरतो. एखादीला दिसत नाही. या प्रत्येकीची अडचण वेगळी, म्हणून उपायही वेगळा. चांगली गोष्ट अशी की यातले बरेच उपाय संगणकात आधीपासूनच आहेत. विकत काही घ्यावे लागत नाही, फक्त चालू करावे लागतात.

आधी एका हाताची अडचण पाहू. मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट पद्धतीत एका कळीवर दोन अक्षरे असतात. नुसती कळ दाबली की क, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ख. त आणि थ, प आणि फ, ब आणि भ, ट आणि ठ, म आणि ण, ल आणि ळ यांचेही तसेच. आता आपल्या वहीतले शब्द आठवा. खाते, ठेव, भरणा, थकबाकी. प्रत्येकात शिफ्ट आहेच! म्हणजे एका बोटाने शिफ्ट धरायची आणि दुसऱ्याने अक्षर दाबायचे. एकाच बोटाने काम करणारी इथे अडते.

यावर उपाय म्हणजे स्टिकी कीज, आपण त्याला चिकट कळ म्हणू. विंडोज संगणकावर शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबा. पडद्यावर प्रश्न येतो, त्याला हो म्हणा. आता शिफ्ट धरून ठेवायची गरज नाही. शिफ्ट दाबा, सोडा, मग सावकाश के ची कळ दाबा. ख उमटतो. कंट्रोल आणि ऑल्ट या कळाही अशाच चालतात. ही सोय विंडोज ९५ पासून, म्हणजे १९९५ सालापासून संगणकात आहे. संगणकावर बसणाऱ्या कितीतरी जणांना ती चुकून दिसते आणि ते वैतागून बंद करतात. ती कोणासाठी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आता हात थरथरत असेल तर काय होते? ५०० लिहायला जावे तर ५००००० होते. हिशेबात हे परवडणार नाही. त्यासाठी फिल्टर कीज आहे. उजव्या बाजूची शिफ्ट आठ सेकंद दाबून धरा, पडद्यावरच्या प्रश्नाला हो म्हणा. मग चुकून लागलेला हलका धक्का किंवा पुन्हा पुन्हा दाबली गेलेली कळ संगणक मोजत नाही. सुरुवातीला सगळे फार हळू वाटेल. पण किती वेळ थांबायचे ते सेटिंग्जमध्ये कमी-जास्त करता येते. ज्या बाईचा हात आहे तिला शेजारी बसवूनच ते ठरवा.

माऊस पकडता येत नसेल तर माऊस कीज चालू करा. मग उजवीकडच्या आकड्यांच्या कळांनी बाण फिरतो आणि ५ ची कळ दाबली की क्लिक होते. उलट कीबोर्डच नको असेल तर विंडोज, कंट्रोल आणि ओ या तीन कळा एकत्र दाबा. पडद्यावर कीबोर्ड येतो आणि माऊसने एकेक अक्षर निवडता येते. कळा लक्षात राहत नसतील तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी हा भाग उघडा. जुन्या संगणकात त्याचे नाव ईझ ऑफ ॲक्सेस आहे.

न दिसणारी बाई टाईप करू शकते का? करू शकते. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बोट फिरवून पाहा, बारीक उंचवटा लागेल. आकड्यांमध्ये ५ वरही तो असतो. तिथून बोटे बाकीच्या कळा शोधतात. दाबलेले अक्षर बरोबर आहे का, हे संगणक बोलून सांगतो. त्यासाठी एनव्हीडीए नावाचे सॉफ्टवेअर मोफत मिळते. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन अंध तरुणांनी ते २००६ मध्ये बनवायला घेतले. ते मराठीही वाचते. आवाज थोडा यंत्रासारखा वाटतो, पण आठवड्याभरात कानाला सवय होते.

काही उपाय तर घरातलेच आहेत. कीबोर्ड सरकत असेल तर खाली ओले फडके घडी करून ठेवा. बोटात जोर नसेल तर पेन्सिल पट्ट्याने तळव्याला बांधा आणि खोडरबराच्या टोकाने कळ दाबा. टेबल उंच असेल तर खुर्चीवर पाट ठेवा, कोपर अधांतरी राहायला नको. कीगार्ड नावाची पट्टीही मिळते. तिला प्रत्येक कळीवर एक भोक असते. हात पट्टीवर टेकवायचा आणि भोकातून हवी तीच कळ दाबायची.

मोबाईलवर मराठीत बोलून लिहिता येते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण आकडे बोलून घातले तर पुन्हा वाचून घ्या. आणि कोणाची थकबाकी किती, हे चारचौघांत मोठ्याने बोलायचे नसते, हेही ध्यानात ठेवा.

मैत्रिणींनो, ही दया नाही, हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. आपल्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारा. एखादी पट्टी, एखादा मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड त्यातून मागायला काय हरकत आहे?

आता गटाने काय करायचे? पुढच्या बैठकीत हिशेबनीस निवडताना हात पाहू नका, बेरीज पाहा. जिला अडचण आहे तिलाच विचारा, "ताई, तुला कुठे अडतं?" मग वरची सोय चालू करून तिला महिनाभर सराव द्या. सुरुवातीला एका पानाला दुप्पट वेळ लागेल. लागू द्या. गटाला घाईने लिहिलेला हिशेब नको, बरोबर लिहिलेला हवा. आणि आज घरी गेल्यावर किंवा सेवा केंद्रात गेल्यावर एक काम नक्की करा. शिफ्टची कळ पाच वेळा दाबून बघा.