रद्द झालेला हंगाम परत मिळतो का?

१२ मार्च २०२०. कोरोनामुळे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची शिखर संस्था 'एनसीएए'ने बास्केटबॉलची 'मार्च मॅडनेस' स्पर्धा रद्द केली. त्याच दिवशी वसंत ऋतूतल्या खेळांच्या अजिंक्यपद स्पर्धाही गेल्या. बेसबॉल, सॉफ्टबॉलचे हंगाम तर नुकतेच सुरू झाले होते.

एक वर्ष गेलं तर बिघडलं काय, पुढच्या वर्षी खेळतील, असं आपल्याला वाटेल. पण आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते, तशी तिथे वर्षांची मोजणी होती. वरच्या श्रेणीतल्या खेळाडूला पाच वर्षांत चारच हंगाम. म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींचं कॉलेजचं खेळणं न खेळताच संपणार होतं.

३० मार्चला तोडगा निघाला. वसंतातल्या खेळाडूंना एक हंगाम जादा मिळाला. बास्केटबॉलसारख्या हिवाळी खेळांना नाही, कारण त्यांचा हंगाम बहुतेक उरकला होता.

खरी मेख पुढे आहे. शेवटच्या वर्षाचे जे खेळाडू परत येतील त्यांना शिष्यवृत्ती पूर्ण द्यायची, कमी द्यायची की द्यायचीच नाही, हे कॉलेजवर सोडलं. खेळा खुशाल, फीचं तुमचं तुम्ही बघा!

हार्वर्ड, येल ज्यात आहेत त्या आयव्ही लीगने तर 'पदवी झाली की खेळ बंद' हा आपला नियम सोडला नाही. एकदाची सूट दिली ती फेब्रुवारी २०२१ मध्ये, तीही तेव्हा शेवटच्या वर्षात शिकणाऱ्यांपुरती. २०२० ला पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांच्या ती कामी आली नाही.