पोरीला आधी सांगा

सन १९९४ मधली गोष्ट आहे. मी तेव्हा सातवीला शिकवीत होतो. दुपारची सुट्टी संपली. मुले वर्गात येऊन बसली. गणित सोडवायला मी एका मुलीला फळ्याजवळ बोलावले. ती उठेना. मी रागावलो. दोनदा ओरडलो. शेवटी ती उठली आणि दप्तर पाठीमागे धरून रडत घरी पळाली. बसकरपट्टीवर रक्ताचा डाग होता.

आठ दिवस ती शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेलो. ओसरीवर बाप बसला होता. तो म्हणाला, "गुरुजी, पोर आता मोठी झाली. आता शाळा नको." आई दाराआड उभी होती. पुढे तिने माझ्या बायकोला सांगितले, की त्या दिवशी पोर रात्रभर रडत होती. आपल्याला मोठा रोग झाला, आपण आता मरणार, असे तिला वाटले. तिला आधी कोणी काही सांगितलेच नव्हते. आईने नाही, आणि गुरुजी असून मीही नाही. हजेरीपटावरचे तिचे नाव मी माझ्या हाताने कमी केले. हुशार पोर होती. पाढे तोंडपाठ होते.

मंडळी, ही गोष्ट मी बरीच वर्षे कोणाला सांगितली नाही. आज तुमच्यासाठी लिहितो.

आपल्याकडे या गोष्टीचे नाव कोणी सरळ घेत नाही. कोणी म्हणते अडचण आली, कोणी म्हणते बाहेर बसली. लहान मुलांना सांगतात, आईला कावळा शिवला. पोर बिचारी कावळ्याकडे बघत बसते! याचे सरळ नाव मासिक पाळी. तेच नाव घरात वापरावे.

पाळी का येते? बाईच्या ओटीपोटात गर्भाशय असते. आपण त्याला पिशवी म्हणतो. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजकोश असतो. मुलगी वयात आली म्हणजे साधारण दर महिन्याला त्यातून एक बीज सुटते. ते इतके बारीक असते, की सुटलेले कळतही नाही. त्याच वेळी पिशवीच्या आत रक्ताचा मऊ थर तयार होतो. पाहुणा येणार म्हणून आपण अंथरूण घालतो ना, तसेच हे. गर्भ राहिला तर तो त्या थरात रुजतो. राहिला नाही, तर अंथरूण काढावे तसा तो थर सुटून बाहेर येतो. हीच पाळी. चार-पाच दिवसांत सगळे मिळून दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. पाहणाऱ्याला ते जास्त वाटते. ज्या थरावर मूल वाढायचे, तोच हा थर. त्याला घाण कशी म्हणावी?

पहिली पाळी बहुतेक मुलींना अकरा ते चौदा वर्षांच्या दरम्यान येते. कोणाला नवव्या वर्षी, कोणाला पंधराव्या. अंग आधी खूण देते. छाती भरू लागते. उंची झपाट्याने वाढते. काखेत केस येतात, तोंडावर पुटकुळ्या येतात. कपड्यांना थोडे पांढरे लागते. छाती भरू लागल्यावर दोनेक वर्षांत पाळी येते. म्हणजे आईला सांगायला वेळ मिळतो. तो वेळ वाया घालवू नये.

पण सांगायचे कसे? आया म्हणतात, तोंड उघडत नाही. मुद्दाम समोर बसवून सांगायला गेले, की दोघीही लाजतात. भाजी निवडताना, वेणी घालताना सांगावे. असे म्हणावे, "बाळ, तुझं अंग आता वाढतंय. एक दिवस कपड्याला रक्त लागेल. घाबरू नकोस. तो रोग नाही. मलाही येतं, तुझ्या आजीलाही यायचं. शाळेत असलीस तर बाईंना सांग, घरी असलीस तर मला सांग." इतके बोलले तरी पहिल्या दिवसाला पुरते. बाकीचे पोर आपणहून विचारील. विचारले तर "गप्प बस" म्हणू नये. पुढे केव्हातरी हेही सांगावे, की आता गर्भ राहू शकतो, आणि कोणी अंगाला नको तसा हात लावला तर घरी येऊन सांग, आम्ही तुला बोल लावणार नाही.

बापाने काय करावे? बाजारातून घड्या, म्हणजे पॅड, आणावेत. त्यात कमीपणा नाही. पोर मलूल दिसली तर "आज पाण्याची घागर मी आणतो" म्हणावे. तिला सगळे कळते. आणि पाळी आली म्हणजे पोर लग्नाची झाली, असे समजू नये. अठरा पुरी होण्याआधी लग्न करणे कायद्याने गुन्हा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीची हाडे अजून वाढत असतात. तिला बाळंतपण झेपत नाही.

विटाळाचे म्हणाल, तर गडचिरोलीकडे माडिया वस्त्यांत पाळीच्या बाईने वेगळ्या कुर्माघरात राहायची रीत चालत आली आहे. त्यांना हसू नये. आपण तरी पोरीला गोठ्याच्या कडेला बसवतोच की! तिचा हात लागून लोणचे नासत नाही. लोणचे ओल्या चमच्याने नासते. त्या दिवसांत रोज अंघोळ करावी, शाळेत जावे, खेळावेसे वाटले तर खेळावे.

कापड वापरायचे तर सुती आणि स्वच्छ असावे. चार-सहा तासांनी बदलावे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे. लाजेपायी बाया ते अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळत घालतात. ते दमट राहते. मग खाज सुटते, जखम होते. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावे. संडासात किंवा ओढ्यात टाकू नये.

रक्त जाते, म्हणून पोरीला खायला नीट द्यावे. भावाच्या ताटात वाढता ते तिच्याही ताटात वाढा. पालेभाजी, मोडाची मटकी, नाचणी, जमल्यास अंडे, वर लिंबू पिळावे. जेवणाबरोबर चहा नको. त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात, ती तिने घ्यावी.

पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. पोट दुखते. गरम पाण्याने शेकावे. पण पंधरा पुरी होऊनही पाळी आली नाही, सात दिवसांहून जास्त रक्त गेले, तासा-दोन तासाला घडी भिजू लागली, दुखून पोर उभीच राहीना, किंवा तीन महिने पाळी चुकली, तर डॉक्टरांकडे न्यावे. पाळीचा त्रास आहे म्हणून कोणी पिशवीच काढा म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नये. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या अशाच भराभर काढल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

एखाद्या आईला इतके करूनही बोलणे जमत नसेल. तिने लेकीला घेऊन गावातल्या आशाताईकडे जावे. आशाताई सांगतील. आईने मात्र उठून जाऊ नये. लेकीच्या शेजारी बसून सगळे ऐकावे.