गाडीचा रंग : पुसावा कमी, धुवावा नीट



सकाळी कुठल्याही सोसायटीत किंवा गल्लीत एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी हातात कोरडं फडकं घेऊन चारचाकीवरची धूळ पुसत असतं. मीसुद्धा शाळेला निघण्याआधी रोज तेच करायचो. पाच मिनिटं बॉनेट आणि टपावरून पिवळं फडकं फिरवायचं, गाडी चकचकीत दिसली की खूश!

गाडी गडद निळी. दोन वर्षांनी ती एकदा उन्हात उभी होती, तेव्हा बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसले. शेजारी म्हणाले, "सर, गाडी जुनी झाली की असंच होतं." पण त्याच वर्षी घेतलेली, तशीच गाडी माझ्या एका सहकाऱ्याकडे होती. ती माझ्यापेक्षा जास्त फिरलेली, पुसली तर क्वचितच जायची, आणि तिचा रंग माझ्या गाडीपेक्षा चांगला! तेव्हा ट्यूब पेटली. गाडी म्हातारी झाली नव्हती, मीच तिला रोज घासत होतो.

आज हेच समजून घेऊ. गाडीचा रंग कशाने जातो, आणि घरच्या घरी तो कसा जपायचा?

रंग म्हणजे नेमकं काय?

पत्र्यावर आधी गंज रोखणारा प्रायमर असतो, त्यावर रंगाचा थर आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. याला क्लिअर कोट म्हणतात. गाडीची चकाकी ही या वरच्या थराची चकाकी असते. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो.

आता जाडी पाहा. एका मिलिमीटरमध्ये १००० मायक्रॉन असतात. कंपनीतून आलेल्या गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअर कोट अंदाजे ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ!

आणि धूळ? रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. मोहसच्या काठिण्य श्रेणीत क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे. खिडकीची काच साधारण ५.५ वर येते, आणि क्लिअर कोट तर काचेपेक्षा कितीतरी मऊ. मग धुळीवरून कोरडं फडकं फिरवणं म्हणजे अगदी बारीक पॉलिश पेपरने गाडी घासणंच झालं की नाही?

ओरखडे गोल का दिसतात?

आपण फडकं गोल फिरवतो म्हणून, असं वाटतं ना? पूर्ण खरं नाही. घरातलं रोजच्या वापरातलं स्टीलचं ताट घ्या आणि त्यावर टॉर्चचा उजेड पाडा. उजेडाच्या ठिपक्याभोवती गोल रेघा दिसतील. आता टॉर्च हलवा. गोलही सोबत सरकतील! ताटावर ओरखडे सगळ्या दिशांना असतात. पण जे उजेडाशी ठरावीक कोनात असतात, तेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश परत पाठवतात. गाडीचंही तसंच. गडद रंगावर ते ठळक दिसतात, पांढऱ्यावर लपतात. लपतात म्हणजे नसतात असं मात्र नाही.

गाडी धुण्याची योग्य पद्धत

साहित्य फार लागत नाही. दोन बादल्या, एक मग, गाडीसाठीचा शॅम्पू आणि मायक्रोफायबरची तीन-चार फडकी. कपड्यांची पावडर वापरू नका, ती रंगासाठी कडक असते. भांडी घासायचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे ते रंगावरचं मेणही काढून टाकतं. आणि चमक येते म्हणून रॉकेल किंवा डिझेलचा हात मारणं तर बंदच करा. त्या तेलकट थराला नवी धूळ आणखी चिकटते.

१. गाडी सावलीत लावा. बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर थांबा. गरम पत्र्यावर पाणी लगेच वाळतं आणि डाग पडतात.

२. आधी नुसतं पाणी, वरून खाली. फडकं लावायचं नाही. निम्मी माती इथेच निघून जाते.

३. एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं पाणी. फडकं शॅम्पूत बुडवून एक भाग हलक्या हाताने पुसा, मग साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि पुन्हा शॅम्पूत बुडवा. माती दुसऱ्या बादलीत राहते, परत गाडीवर जात नाही.

४. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा भाग, या क्रमाने जा. हात सरळ रेषेत फिरवा, दाबू नका. चाकांचं फडकं वेगळं ठेवा, कारण तिथे ब्रेकची धातूयुक्त भुकटी असते.

५. शॅम्पू वाळायच्या आत स्वच्छ पाणी ओता आणि लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पाणी टिपून घ्या. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, गाडी तशीच वाळू दिली की पांढरे ठिपके उरतात.

६. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. एकच खडा पुरेसा असतो.

पक्ष्यांची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवू नका. तिच्यातलं आम्ल आणि वरचं कडक ऊन मिळून क्लिअर कोटवर कायमचा खड्डा पाडू शकतात. ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचलून घ्या. घासायचं नाही. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी डिकीत पाण्याची बाटली आणि फडकं ठेवावंच.

पॉलिश म्हणजे लेप नव्हे, झीज

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. दुकानात पॉलिश आणि वॅक्स शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, पण त्यांची कामं उलट आहेत. पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. ते ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून पृष्ठभाग सपाट करतात. ओरखडा भरत नाही, त्याच्या कडा खाली येतात. रबिंग कंपाउंड तर आणखी जाडसर.

मी हे चुकीच्या मार्गाने शिकलो. ते जाळं घालवायला मी घरच्या ड्रिल मशीनला बफ लावलं, कंपाउंड घेतलं आणि तासभर बॉनेट घासलं. मधला भाग आरशासारखा झाला. पण बॉनेटच्या कडेला बफवर निळा रंग यायला लागला. क्लिअर कोट संपून मी रंगापर्यंत पोचलो होतो! कडांवर थर पातळ असतो आणि सगळा दाब तिथेच येतो. शेवटी अख्खं बॉनेट पुन्हा रंगवून घ्यावं लागलं.

म्हणून काही नियम लक्षात ठेवा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, पॉलिशने घालवायच्या नादी लागू नका. नख अडकलं नाही तर सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या, हातानेच करा आणि आधी लहानशा जागी करून बघा. कडा आणि घड्या टाळा. दरवर्षी ठरवून पॉलिश करायची गरज नाही. आपल्याजवळ ४०-५० मायक्रॉनची शिल्लक आहे आणि त्यात भर पडत नाही. काही गाड्यांवर वेगळा क्लिअर कोट नसतो, तिथे पहिल्या हातापासूनच फडक्याला रंग लागतो. अशा गाडीला तर आणखी जपून.

संरक्षण कशाने?

वॅक्स म्हणजे वरून दिलेला लेप. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. आपल्या उन्हा-पावसात ते काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतं. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतं. धुतलेल्या, कोरड्या गाडीवर पातळ थर द्या, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि स्वच्छ फडक्याने पुसा. जाड थराने जास्त संरक्षण मिळत नाही, पुसायचं काम मात्र वाढतं. पावसाळ्याआधी एक हात आणि दिवाळीच्या सुमारास एक, एवढं जमलं तरी फरक दिसतो. सिरॅमिक कोटिंग जास्त काळ टिकतं आणि धुणं सोपं करतं, पण कोरड्या फडक्याची सवय सुटली नाही तर त्यावरही ओरखडे पडतात.

कव्हरचंही तसंच. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर घातलं आणि वारा सुटला, की कव्हरच धूळ घासत बसतं. कव्हर घालायचं तर स्वच्छ आणि कोरड्या गाडीवर.

मुलांसोबत करायच्या दोन कृती

पहिली : १५ लिटरची बादली पाइपने भरायला किती वेळ लागतो ते मुलांना मोजू द्या. एक मिनिट लागला, तर दहा मिनिटं चालू ठेवलेला पाइप १५० लिटर पाणी घेतो. तीन बादल्यांत गाडी धुतली तर ४५ लिटर. उरलेलं १०५ लिटर पाणी टँकरच्या गावात किती जणांना पुरेल, हा हिशोब मुलांनाच करू द्या.

दुसरी : बॉनेटवर चार थेंब पाणी टाका. मोत्यासारखे गोल राहिले तर लेप शाबूत आहे, पसरले तर वॅक्स संपलं. पृष्ठताणाचा धडा घराच्या दारातच!

थोडक्यात काय, धूळ दिसली की हात शिवशिवतो, पण तो आवरा. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं फारसं बिघडत नाही, ती कोरड्या फडक्याने ओढली की बिघडतं. माझं पिवळं फडकं आता फळा पुसायच्या कामी आलं आहे. तुमचं कुठे आहे?