हवाई पेढीचा विश्वस्त : जे. आर. डी. टाटा

१० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत चोवीस वर्षांच्या एका तरुणाला वैमानिकाचा परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला हा पहिलाच परवाना, आणि तो तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा. पोलाद, रसायने, मोटारी, हॉटेले अशा कितीतरी उद्योगांची धुरा पुढे त्यांनी वाहिली, अनेक मानसन्मान त्यांच्याकडे चालत आले. तरी त्या लहानशा परवान्याने दिलेला आनंद अन्य कोणत्याही कागदाने दिला नाही, असे ते उतारवयातही सांगत असत.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो या गावी टाटा कुटुंब सुट्टी घालवीत असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचेही घर तेथेच होते. तेथील वाळूवर उतरणारी विमाने पाहत हा मुलगा वाढला आणि पंधराव्या वर्षी एका फेरीपुरता विमानात बसला. १९२५ च्या अखेरीस वडिलांच्या इच्छेनुसार तो मुंबईस आला आणि टाटांच्या पेढीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाला. केंब्रिजला जाऊन अभियांत्रिकी शिकण्याची त्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. घरचीच पेढी असली तरी आधी उमेदवारी करावी लागते, ही रीत व्यापारी घरांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

परवाना मिळाल्यानंतर आगाखानांनी एक स्पर्धा जाहीर केली. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून प्रथम पार करणाऱ्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक मिळणार होते. जेआरडी कराचीहून लंडनकडे निघाले. अस्पी इंजिनियर हा पारशी तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी थोडक्या तासांनी स्पर्धा जिंकला. पुढे तोच भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

छंदाचे व्यवसायात रूपांतर होण्यास निमित्त ठरले नेव्हिल व्हिन्सेंट या गृहस्थांचे. ते ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक. लंडनहून येणारे विमानी टपाल कराचीपर्यंत येई आणि तेथून पुढे रेल्वेने रखडत जाई. ते कराचीहून मुंबई व मद्रासपर्यंत विमानाने न्यावे, अशी योजना त्यांनी टाटांपुढे मांडली. समूहाचे प्रमुख सर दोराबजी टाटा प्रथम राजी नव्हते. अखेर २ लाख रुपयांचे भांडवल मंजूर झाले. सरकारने मात्र तीन वर्षे कागद फिरवले आणि अनुदान नाकारले. जितके टपाल वाहाल तितक्याच वजनाचे पैसे, एवढाच करार १९३२ साली हाती आला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जेआरडींनी एका इंजिनाचे पस मॉथ विमान कराचीच्या द्रिघ रोड धावपट्टीवरून उडवले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नव्हता, दिशा दाखवणारी कोणतीही यंत्रणा जमिनीवर नव्हती. वाटेत अहमदाबादेस थांबले, तेव्हा इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासकडे निघाले. जुहूची जागा समुद्रालगतची, सखल. पावसाळ्यात तेथे चिखल होई, म्हणून बिऱ्हाड दरवर्षी पुण्याला हलवावे लागे.

या बेताच्या व्यवहारात एक गोष्ट व्यापाऱ्याने विशेष पाहण्याजोगी आहे. अनुदान नसल्यामुळे उत्पन्न केवळ टपालावर, आणि टपाल येणार ते केवळ वेळ पाळली तरच. हुंडी, बँकेचा ड्राफ्ट, मालाचा नमुना एक दिवस आधी पोहोचला तर व्याज वाचते. तो दिवस वाचण्याची खात्री नसेल तर जादा आकार कोण भरील? १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात कंपनीने १५५ प्रवासी आणि दहा टनांहून थोडे अधिक टपाल वाहून नेले. आकडे आज हसू यावे असे आहेत. तथापि तिच्या वक्तशीरपणाची नागरी विमानवाहतूक खात्याने आपल्या अहवालात मुक्तकंठाने प्रशंसा केली, आणि पेढी पहिल्यापासून नफ्यात राहिली.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४२ मध्ये इंग्लंडहून परतताना व्हिन्सेंट यांचे विमान फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ नाहीसे झाले. ज्याच्या कल्पनेतून हे सारे उभे राहिले तो भागीदार गेला. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही सार्वजनिक कंपनी झाली. १९४८ मध्ये परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल स्थापन झाली. तीत सरकारचा वाटा ४९ टक्के आणि टाटांचा २५ टक्के. आणखी २ टक्के घेऊन बहुमत मिळवण्याची मुभा सरकारकडे होतीच. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

जेआरडींचा प्रत्येक निर्णय अचूक ठरला, असे मात्र नव्हे. १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या टपालाची योजना आणली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल करीत आणि पहाटे परतत. रात्रीच्या उड्डाणास पुरेशी साधने नसताना हे धोक्याचे व आतबट्ट्याचे ठरेल, असे जेआरडींचे मत होते आणि त्यावरून मंत्र्यांशी त्यांचा जाहीर वाद झाला. योजना दुसऱ्या कंपन्यांनी राबवली. पहिली अल्पावधीतच बुडाली, परंतु नागपूरची ती मध्यरात्रीची गजबज पुढे अनेक वर्षे टिकली.

खरी कसोटी लागली ती १९५३ मध्ये. युद्धानंतर अमेरिकन सैन्याची डकोटा विमाने स्वस्तात विकली गेली. सरकारने मागेल त्याला परवाने वाटले, मार्ग थोडे आणि कंपन्या फार अशी स्थिती झाली आणि बहुतेकांच्या खतावण्या तोट्याने भरल्या. त्याच तोट्याकडे बोट दाखवून सरकारने साऱ्या विमान कंपन्या ताब्यात घेण्याचे ठरवले. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली, तर एअर इंडिया इंटरनॅशनल स्वतंत्र महामंडळ म्हणून राहिली. वीस वर्षे खपून ज्याने हा व्यवसाय उभा केला त्याच्याशी सल्लामसलत न करता हा निर्णय झाला, याचे जेआरडींना अतोनात दुःख झाले. पंडित नेहरूंशी स्नेह असूनही त्यांनी ते लपवले नाही.

आपल्या समाजालाही हा अनुभव अपरिचित नव्हता. सोलापूरच्या जैन घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढला आणि दोनच वर्षांत युद्धकाळातील सरकारने तो त्यांच्याकडून विकत घेतला. शेठजी जहाजे, मोटारी, साखर यांकडे वळले. ते योग्यच होते. जेआरडींसमोरही तोच मार्ग मोकळा होता, कारण टाटांकडे अन्य उद्योगांची वाण नव्हती.

सरकारने त्यांना अध्यक्षपद देऊ केले. ज्याने दुकान काढून घेतले त्याच्याच दुकानात गादीवर बसायचे, तेही वेतनाविना. व्यवहाराच्या कोणत्याही मापाने हा सौदा तोट्याचा होता आणि सन्मानाच्या दृष्टीने अवघड. जेआरडींनी तो स्वीकारला. आपण दूर झालो तर विमानांची निगा आणि उतारूंची सेवा यांचा दर्जा घसरेल, ही एकच धास्ती त्यामागे होती. ते भोळे ठरले असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, कारण जेआरडींच्या होकारामुळे सरकारचा मार्ग सुकर झाला. तरीही पुढली पंचवीस वर्षे पाहिली की पारडे दुसरीकडे झुकते.

अध्यक्ष झाले तरी त्यांची नजर वैमानिकाचीच राहिली. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक कळ, एकेक काटा तपासतो. कोणतीही बाब क्षुल्लक मानत नाही. जेआरडी उतारू म्हणून प्रवास करीत आणि परतल्यावर टिपणे धाडीत. खुर्ची किती मागे कलते, चहाचा रंग कॉफीसारखा का दिसतो, सेवकांचा पेहराव नीटनेटका आहे की नाही, पडदे मळले आहेत काय, असे विषय त्यांत असत. एवढ्या मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाने चहाच्या रंगावर वेळ घालवावा याचे काहींना नवल वाटे. परंतु दुकानात शिरताच उंबऱ्यावरची धूळ आधी पाहणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते वाटू नये. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि १९६२ पर्यंत एअर इंडियाचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला. बॉबी कूका यांच्या कल्पनेतला महाराजा तोवर जगभर ओळखीचा झाला होता.

१ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून उडताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. आतील २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. पुढच्याच महिन्यात मोरारजी देसाई यांच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ही वार्ता सरकारने त्यांना आधी कळवली नाही; ती त्यांच्या जागी नेमलेले एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडून त्यांना समजली. तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. सत्तेबाहेर असलेल्या इंदिरा गांधींनी त्यांना सांत्वनाचे पत्र लिहिले, आणि १९८० मध्ये पुन्हा पंतप्रधान झाल्यावर त्यांना संचालक मंडळावर घेतले. अध्यक्षपद मात्र परत आले नाही. मंडळावरील साधी जागा जेआरडींनी कुरकुर न करता घेतली.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या टपालफेरीस ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जेआरडींनी जुने लेपर्ड मॉथ विमान कराचीहून मुंबईपर्यंत एकट्याने चालवत आणले. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले, आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे देहावसान झाले.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत आली. १९३२ मध्ये २ लाखांच्या भांडवलावर सुरू झालेल्या या पेढीसाठी लावलेली बोली १८,००० कोटी रुपयांची होती; त्यांपैकी १५,३०० कोटी हे तिच्या डोक्यावरील कर्ज होते.