डेलिया डर्बिशर : फितीच्या तुकड्यांतून घडलेले संगीत

डेलिया डर्बिशर यांचा जन्म १९३७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर जर्मन विमानांनी भीषण बाँबफेक केली. हवाई हल्ल्याचे भोंगे ऐकत त्यांचे बालपण सरले आणि वाद्यांपलीकडच्या आवाजांची ओढ आपल्याला तिथेच लागली, असे त्या पुढे सांगत. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या गणित आणि संगीत शिकल्या. १९५९ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीकडे त्यांनी काम मागितले, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत बायकांना घेत नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्याच वर्षी त्या बीबीसीत लागल्या आणि १९६२ मध्ये आपणहून रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेल्या.

लंडनच्या मेडा व्हेल भागातला हा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला होता. डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को हे त्याचे संस्थापक. रेडिओ आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना लागणारे अनोखे आवाज तयार करायचे, हे तिथले काम. साधने तुटपुंजी होती : टेप रेकॉर्डर, मुळात उपकरणांच्या चाचणीसाठी बनवलेले ऑसिलेटर, ब्लेड आणि चिकटपट्टी.

१९६३ मध्ये संगीतकार रॉन ग्रेनर यांनी ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या शीर्षकसंगीताची चाल कागदावर लिहून दिली. कुठे कोणता आवाज हवा, हे ‘ढग’, ‘वाऱ्याचे बुडबुडे’ अशा शब्दांत सुचवलेले होते. ते प्रत्यक्षात ऐकू येतील असे करणे डर्बिशर यांच्याकडे आले. सिंथेसायझर अजून बाजारात यायचा होता. खर्जातल्या ठेक्यासाठी त्यांनी एक तार छेडून तिचा आवाज टेपवर घेतला. टेपचा वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक वर चढतो, निम्मा केला की तेवढाच खाली उतरतो. या हिशेबाने एकेक सूर वेगळा काढला. सुराचा काळ फितीच्या लांबीवर ठरे. फीत सेकंदाला १५ इंच धावत असेल, तर अर्ध्या सेकंदाच्या सुराला साडेसात इंचांचा तुकडा लागतो. असे तुकडे जोडून वेगवेगळ्या फिती तयार झाल्या आणि त्या निरनिराळ्या यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून एकत्र मुद्रित केल्या गेल्या. एकदा कुठेतरी एक सूर चुकत होता. तेव्हा डर्बिशर आणि त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी फिती लांबलचक बोळात शेजारीशेजारी पसरल्या आणि चुकीचा जोड नजरेने शोधून काढला.

ते ऐकून ग्रेनर थक्क झाले. मानधनातला निम्मा वाटा डर्बिशर यांना मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. पण वर्कशॉपमधल्या माणसांनी अनामिक राहावे, हे बीबीसीचे धोरण आड आले. हा अन्याय होता, कारण चाल ग्रेनर यांची असली तरी जगाने ऐकलेला नाद डर्बिशर यांचा होता.

त्यांची खरी प्रतिभा मात्र ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ या १९६७ च्या रचनेत अधिक दिसते. सहारातल्या त्वारेग लोकांवरील माहितीपटासाठी त्यांनी दिव्याची धातूची हिरवी शेड ठोकून तिचा नाद टेपवर घेतला. ठोक्याचा आघात कापून मागे उरणारी घूमच तेवढी ठेवली आणि त्या घुमेतले स्वर ऑसिलेटरवर नव्याने उभे केले. वाळवंटातली तापलेली, थरथरणारी हवा त्यातून जाणवते.

१९७३ मध्ये त्यांनी बीबीसी सोडली. ३ जुलै २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. त्यांचा संग्रह आता मँचेस्टरमध्ये जतन केला आहे. ‘डॉक्टर हू’च्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव पडद्यावर झळकले ते २०१३ मध्ये, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी.